डाव्या सीटचं वजन

फेरी पहिली

वैजयंती थोरवडे मेली. दुपारी सव्वाबाराला, करूळ घाटाच्या सहाव्या वळणावर, डावीकडच्या कातळावर आपटून.

फेरी दुसरी

मेली नाही. खांदा मोडला.

फेरी तिसरी

काही झालं नाही. घाट उतरून वैभववाडीत चहा.

फेरी चौथी

मेली.

“काकू, चहा घेणार?” ईशान पोतनीसने विचारलं. “अजून नऊ हजार नऊशे शहाण्णव फेऱ्या व्हायच्यात. वीस मिनिटं तरी लागतील.”

“घेईन की,” पडद्यावरची नजर न काढता वैजयंती म्हणाली. “दोन चमचे साखर घाल. मेल्यावर पथ्य कशाला पाळायचं?”

ईशान हसला. तो या शोरूमचा विक्रेता होता आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसायचा, जणू तेवढं वाक्य विकलं गेलं. शोरूम शिरवळच्या पुढे हमरस्त्याला लागून होतं. आत तीन ट्रक उभे होते, बाहेर सरावाचं पटांगण. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत परवाना देणाऱ्या सरकारी परीक्षक मुक्ता सोनटक्के बसल्या होत्या आणि त्यांच्या पडद्यावर वैजयंती पुन्हा पुन्हा मरत होती. गाडी चालवत होते तिचे यजमान, श्रीरंग.

म्हणजे खरे श्रीरंग नव्हेत. खरे श्रीरंग ‘ऐरावत ४५०’च्या बॉनेटवर थाप मारत उभे होते, बैलाच्या वशिंडावर मारावी तशी. या माणसाने उभ्या आयुष्यात बैलाला हात लावला नव्हता. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं धरणांचे नकाशे काढले, तेही दुसऱ्यांनी बांधलेल्या.

“वैजू, बघ तरी! मागे चार चाकं आहेत.”

“च्च,” वैजयंती म्हणाली.

चाकं फुटलेल्या माणसांविषयी

त्या दहा वर्षांत सेवानिवृत्तांना चाकं फुटली होती. जन्म दोन खोल्या-स्वयंपाकघरात काढलेली माणसं साठी उलटली की सत्तावीस फुटांचा ट्रेलर नोंदवायची आणि ‘आता मोकळं जगायचं’ म्हणून गळे काढायची. ट्रेलरमध्ये स्वयंपाकघराची चिमणी असायची, कपडे धुवायचं यंत्र असायचं, देव्हाऱ्याला वेगळा पट्टा असायचा. घर सोडून जग बघायला निघालेली ही मंडळी घर मागे बांधूनच निघायची आणि रात्री नदीकाठी एकमेकांना चिकटून ट्रेलर लावून, पाण्याच्या नळावरून भांडायची.

वैजयंती या सगळ्यांना हसायची. हसता हसता तिने अकरा वर्षं त्यांच्यासारखीच तयारी केली. कोकण किनाऱ्यावरून स्पितीपर्यंतचा तीन वर्षांचा रस्ता तिच्याच वहीत होता: कुठे मुक्काम, कुठे पाणी, कुठला पूल किती टनांचा. श्रीरंगने फक्त ट्रेलरच्या पडद्यांचा रंग निवडला. उद्या ट्रेलर ताब्यात यायचा होता. पुण्यातला फ्लॅट एक तारखेपासून भाडेकरूला द्यायचा ठरला होता. राहिला होता तो ट्रक, आणि ट्रकाचा परवाना.

ट्रक निवडताना लोक काय बघतात आणि काय बघायला हवं

लोक ओढायची ताकद बघतात. ताकद सगळ्यांनाच असते. चढावर कुणी मरत नाही, चढावर फक्त उशीर होतो.

वैजयंती वाळवा तालुक्यातल्या उसाच्या घरातली. पंधराव्या वर्षी ती दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर कारखान्यावर न्यायची. तिचे आबा म्हणायचे, “ट्रॅक्टर काय, कुणीबी हाणतंय. ट्रॉली हाणायला शीक.” ऊस भरताना ते ट्रॉलीचं नाक जड ठेवायला लावायचे. ते का, हे तिला पुढे पुस्तकात कळलं. ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा, थोडा जास्तच, पुढच्या कडीवर, म्हणजे ट्रकाच्या शेपटावर बसावा लागतो. तेवढा बसला नाही तर ट्रेलरचं बूड जड होतं आणि तो लंबकासारखा डुलायला लागतो. एका ठरावीक वेगाखाली हे डुलणं आपोआप विरतं. त्या वेगाच्या वर गेलात, की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा येतो. तेव्हा घाबरलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर जातो आणि तिथेच खेळ संपतो. ट्रक थांबू बघतो, मागचे चार टन त्याला ढकलतात. करायचं असतं ते उलटं: स्टिअरिंग सरळ धरायचं, पाय उचलायचा आणि हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा. मग ट्रेलर मागून खेचतो आणि सगळं ओळीत येतं.

म्हणून ट्रकाची छाती नाही, पाठ बघायची. कडीवरचं वजन, मागच्या हौद्यातलं सामान, पाण्याची टाकी, दोन माणसं, हे सगळं त्या पाठीवर बसतं. शोरूममधल्या सर्वांत लहान ‘तुरंग २५०’ची पाठ यात मोडत होती, म्हणून यंत्राने त्याची एकही फेरी केली नाही. उरले ‘गजराज ३५०’ आणि ‘ऐरावत ४५०’. या नावांवर वैजयंतीचं म्हणणं असं होतं की ज्यांना घरात कुणी विचारत नाही, त्यांच्यासाठी गाड्यांना हत्तींची नावं देतात.

छायाचालक

तीन टनांवरच्या ट्रेलरला परवाना हवा तर आधी तुमच्या छायाचालकाने पास व्हायचं, असा कायदा आता झाला होता. वीस-बावीस वर्षांपासून प्रत्येक गाडी आपल्या मालकाची नोंद ठेवत आली होती: पाय कधी उचलला, किती जोरात दाबला, वळणावर हात किती फिरला, त्या वेळी गाडीत कोण काय बोललं. या नोंदींतून यंत्र एक चालक बनवतं. त्याला मतं नसतात, स्वभाव नसतो, मन तर नसतंच. त्याला फक्त सवयी असतात. शेजारच्या सीटवरच्या माणसाचीही छाया बनते, कारण तोही गाडीत असतो. मग या दोन छायांना निवडलेल्या ट्रकात बसवून दहा हजार वेळा घाटातून उतरवतात. कधी पाऊस, कधी धुकं, कधी समोरून एसटी. दहा हजारांत शंभरापेक्षा जास्त फेऱ्या फसल्या, की परवाना नाही.

माणूस स्वतःबद्दल काय सांगतो याला यंत्र किंमत देत नाही. वैजयंतीला हे यंत्र फार आवडलं होतं.

निकाल

“ऐरावत, अकराशे चाळीस फेऱ्या फसल्या,” मुक्ता सोनटक्के म्हणाल्या. “गजराज, आठशे सत्तर.”

“उलटं वाचलंत का मॅडम?” श्रीरंगने विचारलं. “ऐरावत मोठा आहे.”

“म्हणूनच. मोठ्या ट्रकात तुम्ही ताशी नऊ किलोमीटर जास्त वेगाने उतरता, काका. ट्रक धीट झाला की तुम्ही धीट होता.”

“च्च,” वैजयंती म्हणाली. “धीट म्हणे.”

मुक्ताबाईंनी मान वर केली. “हेच.”

“काय हेच?”

“हा आवाज. बसा काकू.” त्यांनी पडदा फिरवला. “तुमच्या दोन गाड्यांत, बावीस वर्षांत, हा आवाज एकतीस हजार चारशे वेळा आलाय. तो आल्यावर चार दशांश सेकंदात काकांचा पाय ब्रेकवर जातो. गाडीत त्याने काही बिघडत नाही, पोटातलं पाणी हलतं एवढंच. मागे चार टन असले तर काय होतं ते तुम्ही मघाशी पाहिलंत.”

ईशान हसायचं विसरला.

“आणि माझा आवाज बरोबर किती वेळा होता?” वैजयंतीने विचारलं. “ते मोजतं का तुमचं यंत्र?”

“मोजतं. शंभरात ब्याऐंशी वेळा चूक काकांचीच होती.”

“घ्या!” वैजयंतीने श्रीरंगकडे बघून हात उडवला. मेलेली बाई खटला जिंकली होती.

“ब्याऐंशी जरा जास्तच होतात,” श्रीरंग हळूच म्हणाला.

“कातळाला कोण बरोबर ते कळत नाही, काकू,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“मग मी गप्प बसते. तोंडाला पट्टी लावते, झालं? घाला तसं यंत्रात.”

घातलं. वाट बघितली. गजराज, वैजयंती गप्प: तीनशे बारा.

“हे कसं काय? मी तर तोंड उघडलं नाही!”

“काका वाट बघतात,” मुक्ताबाई म्हणाल्या. “वळण आलं की आधी डावीकडे बघतात, आता आवाज येईल म्हणून. मग रस्त्याकडे.”

“आणि ही शेजारी नसली तर?” श्रीरंगने विचारलं. त्याने ते सहज विचारलं. नंतर वैजयंतीला वाटत राहिलं की इतकं सहज विचारायला नको होतं.

गजराज, डावी सीट रिकामी: एक्केचाळीस. पास.

ऐरावत, डावी सीट रिकामी: शहाण्णव. काठावर, पण पास.

“अभिनंदन काका!” ईशानला हसू सापडलं.

वैजयंती चालवते

“माझी छाया बसवा,” वैजयंती म्हणाली. “निम्म्या वेळा मीच तर चालवते. डोकं धरून यांनी नुसतं बसायचं.”

गजराज, चालक वैजयंती, डावीकडे श्रीरंग: बावीस.

बावीस! दिवसभरातला सगळ्यांत छोटा आकडा. पंधराव्या वर्षीचे हात अजून जागेवर होते. आबांनी ट्रॅक्टर पुढे तिच्या दोन भावांना दिला, त्यांतल्या एकाने तो कॅनॉलमध्ये घातला, आणि हिला दिलं धरणांचे नकाशे काढणाऱ्याला. त्यानंतर तिने मागे काही ओढलं नव्हतं. अकरा वर्षं वहीत रस्ते आखताना त्या ट्रकात चाकामागे कोण बसलंय हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. श्रीरंगला वाटायचं तोच. वाटू दे म्हणून तिने वाटू दिलं. ऐन वेळी त्याच्या हातातून किल्ली काढून घ्यायला कितीसा वेळ लागतो?

“नियमाप्रमाणे एकटीचीही फेरी करावी लागते,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“करा की. अजून कमी येईल. शेजारी हे नसले तर.”

गजराज, चालक वैजयंती, डावी सीट रिकामी: पाचशे चौतीस. नापास.

“यंत्र बिघडलंय,” वैजयंती म्हणाली.

“काका शेजारी असले की तुम्ही प्रत्येक वळणाआधी आरसा बघता, वेग मोजून धरता, इशारा देता. एकट्या असलात की यातलं काही करत नाही. कंटाळता. दोनदा तर डोळा लागलाय तुमचा, सातारा रस्त्याला.” मुक्ताबाईंनी नोंद मिटली. “चांगलं चालवायला तुम्हाला शेजारी कुणीतरी लागतं, काकू. ज्याला चालवता येत नाही असं.”

हे बोलायला ही बाई पगार घेत होती.

अर्जाचा रकाना सात

सोबत प्रवासी असल्यास संबंध नमूद करा. नसल्यास ‘नाही’ लिहा. अर्जदाराने एकच पर्याय भरावा.

(अ) चालक श्रीरंग थोरवडे. सोबत:

(आ) चालक वैजयंती थोरवडे. सोबत:

ट्रेलर श्रीरंगच्या नावावर होता, म्हणून अर्जदार श्रीरंग. पाच वाजेपर्यंत अर्ज गेला नाही, तर पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची. (अ)मध्ये वैजयंती बसत नव्हती. (आ) रिकामा ठेवून चालत नव्हतं.

तिचं कधी न चुकणारं गणित पहिल्यांदाच असं आलं: त्याला तिची गरज नव्हती. तिला त्याची होती.

“आता अर्जदाराची, ट्रेलर मागे घेण्याची चाचणी,” मुक्ताबाई म्हणाल्या. “पटांगणात फक्कीच्या दोन रेघा आहेत. काका, गजराज घ्या, मागे सरावाचा ट्रेलर आहे. रेघांमध्ये ट्रेलर सरळ उभा करायचा. एकट्याने. ती झाली की सही.”

जे कुणी बोललं नाही

श्रीरंग ट्रकात चढला. दोनदा पाय घसरला. वैजयंतीने ते पाहिलं आणि बरं वाटलं.

मुक्ताबाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “काकू, सरळ विचारा ना त्यांना. म्हणा, मी चालवते, तुम्ही याल का माझ्याबरोबर? नाही म्हणतील असं वाटत नाही मला.”

“मी विचारू?”

“मग कोण?”

“छत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना काही विचारलेलं नाही. मिठाचा अंदाजसुद्धा.”

“तेच म्हणते.”

ट्रेलर मागे घेणं ही सरळ माणसांना न जमणारी गोष्ट आहे. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. आरशात जे दिसतं त्याच्या उलट हात चालवायचा. कारखान्यात ट्रॉल्या रित्या करायच्या, त्या उसाच्या गव्हाणीपाशी भले भले ड्रायव्हर घाम पुसत उतरायचे आणि पंधरा वर्षांच्या वैजयंतीला हाक मारायचे. श्रीरंगला मॉलच्या तळघरात साधी गाडी लावता येत नव्हती. ती खाली उतरायची, ‘या, या, या, थांबा, अहो थांबा!’ करायची आणि शेवटी स्वतःच लावायची. ती वाट बघत उभी राहिली. पहिला प्रयत्न तिरका जाईल. दुसऱ्यात ट्रेलर ट्रकाला काटकोनात येईल. तिसऱ्यात तो खिडकीतून मान काढून तिच्याकडे बघेल. मग ती जाईल, दार उघडेल आणि म्हणेल, सरका. विचारायची गरजच पडणार नाही.

ट्रेलर हलला.

श्रीरंगने हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरला होता, म्हणजे हात जाईल तिकडेच ट्रेलर जातो. तो सावकाश मागे येत होता. इतका सावकाश की मागच्या रस्त्यावरून जाणारा एक ट्रकवाला हॉर्न वाजवून गेला, तरी त्याने वेग वाढवला नाही. ट्रेलरचं बूड डावीकडे झुकायला लागलं. त्याने हात थोडा उजवीकडे नेला, वाट बघितली, परत आणला. तो नकाशा काढत होता. पट्टी न धरता सरळ रेघ ओढायची असते तसा, घाई न करता, जिभेचं टोक बाहेर काढून.

ट्रेलर दोन रेघांमध्ये येऊन थांबला. पहिल्याच प्रयत्नात.

ईशानने टाळ्या वाजवल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

श्रीरंग उतरला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तो सरळ वैजयंतीकडे आला. मुक्ताबाईंकडे नाही.

“कसं झालं?” त्याने विचारलं.

एवढंच म्हणायचं होतं, की छान झालं. मग पुढचं वाक्य कदाचित आपोआप आलं असतं. वैजयंतीने तोंड उघडलं.

“डावीकडे गेलंय,” ती म्हणाली.

एकतीस हजार चारशे वेळा ‘च्च’ ऐकलेल्या श्रीरंगने एरवी जे केलं असतं, ते म्हणजे परत ट्रकात चढून ट्रेलर हलवणं, आणि खरंच बिघडवून ठेवणं. तो वळलासुद्धा. मग थांबला. ट्रेलरपाशी गेला, गुडघ्यावर हात टेकत खाली बसला आणि डाव्या चाकापासून फक्कीच्या रेघेपर्यंत वीत टाकली. एक वीत, वर चार बोटं. कष्टाने उठला, पलीकडे गेला, पुन्हा बसला. एक वीत, वर चार बोटं. छत्तीस वर्षं मापं घेतलेला हात होता तो. तरी त्याने डावीकडे येऊन परत एकदा मापलं.

तो परत आला तेव्हा त्याच्या बोटांना फक्की लागली होती.

“सारखं आहे, वैजू.”

चिडून नाही म्हणाला. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं, चिडलेल्या श्रीरंगचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं. हा तर कुणी किती वाजले विचारावं आणि सांगावं तसं सांगत होता. त्या ब्याऐंशीतली एक असती तर? पण नव्हती. आणि ती चुकली होती त्या बाकीच्या अठरांमध्ये आपण काय करत होतो, हे तो आता मोजत असणार, असं तिला दिसलं.

“इथून तसं दिसलं,” ती म्हणाली.

“हो.”

“बरं, ऐका. मी चालवते. तुम्ही शेजारी बसा. यंत्र म्हणतंय तसं. तो दुसरा पर्याय भरा आणि चला, पाच वाजत आले.”

श्रीरंगने तिच्याकडे बघून विचारलं.

“हे विचारतेयस, की सांगतेयस?”

तिला उत्तर माहीत होतं. तीन अक्षरांचं होतं: याल का. समोरच्या माणसाला पायरीवर चढता येत नव्हतं, पडद्यांना त्याने पोपटी रंग निवडला होता, बैल आणि बॉनेट यातला फरक त्याला कळत नव्हता. अशा माणसापुढे ती तीन अक्षरं तिच्या गळ्यापर्यंत आली, तिथे उभी राहिली आणि तशीच खाली गेली.

“त्यात विचारायचं काय?” ती म्हणाली.

श्रीरंगने मान हलवली. विजारीला बोटं पुसली आणि आत गेला. काचेतून तिला तो दिसत होता, मुक्ताबाईंच्या टेबलावर वाकून रकाना सात भरणारा. त्याने (अ)पुढे एकच शब्द लिहिला. नकाशावर लिहायचा तसा सुबक, एकेक अक्षर सुटं.

ईशान धावत आत गेला. दार उघडंच राहिल्यामुळे त्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

“काका, मग ऐरावतच ना? शहाण्णव आलेत, पास आहात तुम्ही. आणि रुबाब बघा की!”

“नको. गजराज दे.”

“अहो काका, एवढा आवडला होता तुम्हाला! चार चाकं मागे!”

“आवडला होता,” श्रीरंग म्हणाला. “आता कुणाला दाखवायचंय?”